आरोग्यव्यवस्था वाचायची कशी: संस्था, यंत्रणा आणि विमा

उपचार घेण्याची वेळ आली की बहुतेक जण पहिल्यांदा विचारतात ते “चांगले रुग्णालय कोणते?” हेच. प्रश्न रास्त आहे. पण आपल्याला कोणत्या पातळीची सेवा हवी आहे, ती देणाऱ्या संस्थेवर देखरेख कोणाची आहे आणि तिचे पैसे कोणाच्या खिशातून जाणार आहेत, या तीन गोष्टी आधी ठरवल्या तर त्याचे उत्तर बरेच सोपे होते. यातली तिसरी गोष्ट सर्वांत जास्त घोळ घालते, म्हणून पुढे तिला अधिक जागा दिली आहे.

आधी पातळी ठरवा

वैद्यकीय सेवेच्या तीन पातळ्या मानल्या जातात. पहिल्या पातळीवर कुटुंबाचे डॉक्टर, दवाखाने आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे येतात; दुसऱ्या पातळीवर सर्वसाधारण शस्त्रक्रिया, बाळंतपणे आणि तज्ज्ञांचा सल्ला देणारी रुग्णालये; आणि तिसऱ्या पातळीवर हृदयशस्त्रक्रिया, कर्करोग, अवयव प्रत्यारोपण यांसारखे उपचार करणारी, बहुधा वैद्यकीय महाविद्यालयांना जोडलेली मोठी रुग्णालये. प्राथमिक केंद्रे, त्यांच्या वरची रुग्णालये आणि सर्वांत वर अध्यापन रुग्णालये अशी उतरंड ब्रिटनमध्ये लॉर्ड डॉसन यांच्या समितीने १९२० मध्येच मांडली होती, आणि जगातील अनेक देशांची रचना आजही थोड्याफार फरकाने तशीच आहे. तुमच्या व्यवस्थेत पहिल्या पातळीवरील डॉक्टरांची चिठ्ठी घेतल्याशिवाय तज्ज्ञांकडे जाता येते का, हे आधी विचारून घ्यावे. ब्रिटनच्या सरकारी सेवेत अशी चिठ्ठी साधारणपणे लागतेच; इतर काही ठिकाणी ती नसली तरी तज्ज्ञ तपासतात, पण विमा कंपनी पैसे देत नाही, आणि हे कळते ते बिल हाती आल्यावर.

तातडीच्या प्रसंगी मात्र हा क्रम पाळत बसू नये. छातीत कळ येणे, श्वास कोंडणे, अचानक शरीराची एक बाजू लुळी पडणे, न थांबणारा रक्तस्राव, अशा वेळी जवळचा आपत्कालीन विभाग हेच योग्य ठिकाण होय. अमेरिकेत १९८६ च्या एका कायद्यानुसार मेडिकेअरशी, म्हणजे मुख्यतः वृद्धांसाठीच्या सरकारी विमा योजनेशी, जोडलेल्या रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांना, रुग्णाची पैसे देण्याची ऐपत न पाहता त्याची तपासणी करून प्रकृती स्थिर करावी लागते. तो उपचार फुकट असतो असे मात्र नाही. बिल नंतर येतेच.

पाटीपेक्षा नोंद महत्त्वाची

संस्थेच्या नावावरून तिचे काम ओळखायला जाल तर फसाल. मराठीत ‘नर्सिंग होम’ म्हटले की एखाद्या डॉक्टरांचे लहान खासगी रुग्णालय डोळ्यांसमोर येते. इंग्लंड-अमेरिकेत त्याच शब्दाचा अर्थ वृद्ध आणि परावलंबी व्यक्ती दीर्घकाळ राहतात ते शुश्रूषागृह असा होतो. परदेशातील नातेवाइकांसाठी कागदपत्रे भरताना या एका शब्दावरून गोंधळ होऊ शकतो.

याहून सूक्ष्म भेद आहे तो आंतररुग्ण आणि बाह्यरुग्ण यांच्यातला. रुग्ण वॉर्डात खाटेवर झोपला आहे, हाताला सलाईन लावलेले आहे, परिचारिका दर काही तासांनी रक्तदाब पाहून जात आहे, आणि तरीही कागदोपत्री तो बाह्यरुग्ण असू शकतो. अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेत याला ‘निरीक्षणाखाली’ असे म्हणतात. मेडिकेअरच्या मूळ नियमाप्रमाणे, रुग्णालयातून पुढे शुश्रूषाकेंद्रात जायचे असेल तर त्याआधी सलग तीन दिवस आंतररुग्ण म्हणून दाखल असावे लागते. निरीक्षणाखाली काढलेल्या रात्री त्या तिनांत धरल्या जात नाहीत. म्हणजे खाट तीच, उपचार तेच. फक्त नोंदीतल्या एका शब्दाने पुढचा सगळा खर्च कुटुंबावर येऊन पडू शकतो. कोणत्याही देशात, कोणत्याही विम्याखाली असा, रुग्ण खाटेवर गेला की पहिल्याच दिवशी “कागदावर नोंद कशी केली आहे?” हे विचारून घ्या आणि उत्तर लेखी मागा.

रुग्णालयाबाहेरच्या संस्थाही ओळखीच्या असाव्यात. डे-केअर केंद्रात मोतीबिंदूसारखी शस्त्रक्रिया करून त्याच दिवशी घरी सोडतात. पुनर्वसन केंद्रात पक्षाघातानंतर चालणे, बोलणे पुन्हा शिकवले जाते. गृहशुश्रूषा पुरवणाऱ्या संस्था परिचारिका किंवा मदतनीस घरी पाठवतात. यापैकी वैद्यकीय शुश्रूषेचे पैसे अनेक विमे देतात, पण आंघोळ घालणे, भरवणे अशा निव्वळ सांभाळाचे बहुधा देत नाहीत. हॉस्पिसमध्ये आजार बरा करण्याचा नव्हे, तर वेदना कमी ठेवण्याचा प्रयत्न असतो. सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये लंडनमध्ये सुरू केलेल्या सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिसपासून या सेवेला आजचे रूप आले.

देखरेख कोणाची

हा भाग थोडक्यात सांगता येतो. परवाना आणि मानांकन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परवाना सरकारी यंत्रणा देते आणि त्याशिवाय संस्था चालवता येत नाही. मानांकन बहुधा स्वतंत्र संस्था देते आणि ते गुणवत्तेचे प्रमाणपत्र असते. अमेरिकेतील जॉइंट कमिशन ही संस्था याच कामासाठी १९५१ मध्ये स्थापन झाली. डॉक्टरांची नोंदणी वैद्यकीय परिषदेकडे असते, औषधांना मान्यता औषध नियंत्रक देतो आणि साथीचा माग सार्वजनिक आरोग्य विभाग काढतो. तक्रार करताना हा फरक उपयोगी पडतो: डॉक्टरांच्या वर्तनाविषयीची तक्रार परिषदेकडे, रुग्णालयाच्या सोयींविषयीची परवाना देणाऱ्या यंत्रणेकडे आणि नाकारलेल्या दाव्याविषयीची विमा नियामकाकडे किंवा विमा लोकपालाकडे न्यावी. जागतिक आरोग्य संघटनेकडे वैयक्तिक तक्रारी कोणी पाठवू नयेत. ते तिचे काम नव्हे.

पैसा कोणत्या वाटेने येतो

ढोबळमानाने चार वाटा आहेत. जर्मनीत बिस्मार्क यांच्या काळात १८८३ मध्ये कामगारांसाठी आजारविम्याचा कायदा झाला. वर्गणीचे दोन भाग कामगार आणि एक भाग मालक भरत असे. तिथले आजारनिधी, म्हणजे वर्गणी गोळा करून उपचारांचे पैसे देणाऱ्या संस्था, आजही चालू आहेत. ब्रिटनने ५ जुलै १९४८ रोजी सुरू केलेली राष्ट्रीय आरोग्य सेवा मुख्यतः करांतून चालते आणि बहुतेक रुग्णालये सरकारच्याच मालकीची असतात. कॅनडात पैसे सरकारी विमा देतो, पण डॉक्टर बहुतांशी सरकारी नोकर नसतात. या पद्धतीची सुरुवात सस्कॅचेवान प्रांताने १९४७ मध्ये रुग्णालय विम्याने केली. चौथी वाट स्वतःच्या खिशाची किंवा खासगी पॉलिसीची. अमेरिकेत या सगळ्याच वाटा थोड्याथोड्या आढळतात: १९६५ मध्ये ६५ वर्षांवरील लोकांसाठी मेडिकेअर आणि कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी मेडिकेड आले, उरलेल्यांपैकी बरेच जण नोकरीतून मिळणाऱ्या खासगी विम्यावर अवलंबून राहिले.

रुग्णालयाला पैसे कसे मिळतात यावर त्याचे वागणेही काही प्रमाणात अवलंबून असते. प्रत्येक तपासणीचे वेगळे पैसे मिळत असतील तर तपासण्या वाढतात. एका आजारासाठी ठरावीक रक्कम मिळत असेल, जशी मेडिकेअर १९८३ पासून देऊ लागली, तर डिस्चार्ज लवकर मिळतो. यात डॉक्टरांची नियत वाईट असते असे मुळीच नाही, पण “ही तपासणी आजच का?” किंवा “घरी जाणे आजच सुरक्षित आहे का?” यापैकी कोणता प्रश्न विचारायचा, हे त्यावरून ठरवावे.

पॉलिसीचा हिशेब

आता समजा, तुमच्या पॉलिसीत १०,००० ची वजावट आहे, म्हणजे वर्षातील तेवढा पहिला खर्च तुमचा, आणि त्यापुढील मान्य खर्चात तुमचा वाटा २० टक्के आहे. रुग्णालयाचे बिल १,००,००० आहे. चलन कोणतेही धरा. रुग्णालय विमा कंपनीच्या यादीतील असेल आणि त्यांच्यातील करारानुसार त्या उपचाराचा दर ६०,००० ठरला असेल, तर तुम्ही वजावटीचे १०,००० आणि उरलेल्या ५०,००० चे २० टक्के, म्हणजे आणखी १०,००० द्याल. एकूण २०,०००. तेच रुग्णालय यादीबाहेरचे असेल आणि कंपनी ६०,००० चाच दर ग्राह्य धरत असेल, तर वरचे ४०,००० तुमच्याच माथी येतील आणि तुमचा खर्च ६०,००० होईल. हप्ता तोच, पॉलिसी तीच, खर्च तिप्पट. म्हणून हप्ता किती याआधी यादीत कोण आहे ते पाहावे. आणि फक्त रुग्णालय यादीत असणे पुरेसे नसते. भूलतज्ज्ञ आणि प्रयोगशाळा वेगळे बिल देत असतील तर त्यांचीही नावे तपासावीत.

पॉलिसी वाचताना सुरुवातीची आकर्षक पाने सोडून थेट ‘समाविष्ट नसलेल्या बाबी’ या प्रकरणावर जावे. आधीपासूनचे आजार, प्रतीक्षा कालावधी, खोलीच्या भाड्याची मर्यादा, वर्षभरात तुमच्या खिशातून जाऊ शकणारी कमाल रक्कम, या गोष्टी तिथे किंवा जोडलेल्या तक्त्यात सापडतात. अर्ज भरताना जुना आजार लपवू नये; त्याने हप्ता थोडा वाचेल, पण दावा नाकारायला कंपनीच्या हाती आयते कारण मिळेल.

ठरवून करायच्या शस्त्रक्रियेसाठी पूर्वमंजुरी आधीच घ्यावी आणि मंजुरीचा क्रमांक, तारीख, बोलणाऱ्याचे नाव एका कागदावर टिपून ठेवावे. दावा नाकारला गेला तर नकाराचे कारण आणि पॉलिसीतील ज्या कलमाचा आधार घेतला ते कलम लेखी मागावे, आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून त्या कलमालाच उत्तर देणारे पत्र घ्यावे. “रुग्णाला गरज होती” एवढेच लिहिलेले पत्र फारसे उपयोगी पडत नाही. अपिलाची मुदत बहुधा नकाराच्या पत्रावरील तारखेपासून किंवा ते हाती पडल्यापासून मोजतात, त्यामुळे पत्रासोबत त्याचे पाकीटही जपून ठेवावे.