न्यूरोफीडबॅक: आधी सेन्सर नीट लावा

न्यूरोफीडबॅक म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरी मोजून त्या खेळातून बदलायला शिकवणं. एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) असलेल्या मुलाच्या अशा सत्रात पालकांचं लक्ष स्क्रीनवरच्या खेळाकडे असतं. खरी मेख डोक्यावरच्या इलेक्ट्रोडमध्ये, म्हणजे लहरी टिपणाऱ्या सेन्सरमध्ये आहे.

जागा टेपने मोजा. नाकाच्या मुळाशी असलेल्या खळगीपासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंतच्या अंतराचा मध्य आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंतचा मध्य जिथे मिळतात, ती 'सीझेड' (Cz) म्हणजे माथ्यावरची सेन्सरची जागा. तेलकट केसांवर पेस्ट धरत नाही. आदल्या दिवशी डोकं धुवायला सांगा. केस बाजूला सारून खरखरीत जेलने त्वचा हलकेच घासा, मग पेस्ट भरलेला इलेक्ट्रोड दाबा. रेफरन्स (तुलनेसाठीचा) आणि ग्राउंड (सिग्नल स्थिर ठेवणारा) हे इलेक्ट्रोड कानांच्या पाळ्यांवर. इम्पिडन्स (त्वचा आणि इलेक्ट्रोडमधला विद्युत अडथळा) ५ किलोओहमच्या खाली आला नाही, तर पुन्हा घासा. 'चालेल' म्हणून पुढे रेटू नका.

मेंदूच्या ४ ते ८ हर्ट्झच्या संथ थीटा लहरी घटल्या आणि १३ ते २१ हर्ट्झच्या वेगवान बीटा वाढल्या, की खेळातलं विमान पुढे सरकतं. फसगत इथेच होते. मूल दात आवळतं, जबड्याच्या स्नायूंचा सिग्नल बीटात मिसळतो आणि विमान सुसाट! त्यामुळे स्नायूंच्या सिग्नलला वेगळी मर्यादा लावा. ती ओलांडली की बक्षीस बंद.

साधारण ३० ते ४० सत्रं सांगितली जातात, खर्चही तसाच. पण अमेरिकेत ७ ते १० वर्षांच्या मुलांवर झालेल्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत खोट्या फीडबॅकच्या (मुलाच्या स्वतःच्या लहरींशी संबंध नसलेल्या) गटातही खऱ्या गटाएवढीच सुधारणा दिसली. त्यामुळे पालकांनो, पूर्ण पॅकेजचे पैसे आगाऊ भरू नका, आणि चालू औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका.