हॉट टबमध्ये सुगंध हवा, पण तेल पाण्यात नको

लॅव्हेंडरच्या तेलाचे थेंब थेट हॉट टबमध्ये, म्हणजे पंपाने पाणी फिरवणाऱ्या गरम पाण्याच्या टबमध्ये, टाकू नका. तेल विरघळत नाही. तवंग होऊन तरंगतं आणि पातळ न होता तसंच अंगाला लागतं, त्वचेची आग होऊ शकते. उरलेलं पंप ओढतो, फिल्टरच्या घड्यांत चिकटा बसतो आणि पाण्याच्या पातळीवर टबाला कडेने बुळबुळीत पट्टा धरतो. शिवाय क्लोरीन या तेलावरच खर्ची पडतं, जंतूंसाठी उरत नाही.

पाण्यालाच वास हवा असेल तर हॉट टबसाठी बनवलेला, तेलविरहित, विरघळणारा सुगंध आणा. आधी पाणी तपासायच्या रंग बदलणाऱ्या पट्टीने पाणी तपासा: पीएच (आम्लतेचं माप) ७.२ ते ७.८, क्लोरीन किमान ३ पीपीएम (दहा लाख भागांत ३ भाग). मग जेट (पाण्याचे जोरदार झोत) सुरू करून बाटलीवरच्या मापाच्या निम्माच टाका. कमी पडला तर वाढवता येतो; जास्त झालेला काढता येत नाही.

आमची पसंती मात्र वाटीला. वाटीभर कढत पाण्यात लॅव्हेंडरचे ३-४ थेंब टाकून ती हाताचा धक्का लागणार नाही अशी जवळ ठेवा. वाफेबरोबर वास येतो, टबाचं पाणी स्वच्छ राहतं. विजेवरचा डिफ्यूझर (सुगंध पसरवणारं यंत्र) टबाजवळ अजिबात नको.

पाणी ४० अंश सेल्सिअसच्या वर नको, १५ मिनिटं पुरेत. गरोदर स्त्रिया आणि हृदयविकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

तेल पडलंच असेल तर फिल्टर काढून फिल्टर क्लीनरच्या पाण्यात रात्रभर भिजत घाला. नुसत्या नळाच्या धारेने चिकटा सुटत नाही.