शेंगेनचे ९० दिवस पुरवून वापरा

मुलाबाळांसह बार्सिलोना, नीस, जेनोआ करत भूमध्य समुद्राच्या काठाने सावकाश फिरायचं असेल, तर तिकिटांआधी दिवस मोजा. शेंगेनमध्ये, म्हणजे आपसांत सीमा-तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटात, कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. देश बदलला म्हणून मोजणी नव्याने सुरू होत नाही. पोहोचल्याचा आणि निघाल्याचा, दोन्ही दिवस धरतात. क्रोएशियात दिवस 'वाचवण्याची' जुनी युक्तीही १ जानेवारी २०२३ पासून बाद झाली, कारण तोही आता शेंगेनमध्ये आहे.

आता त्या किनाऱ्यावर शेंगेनबाहेरचे उरतात माँटेनेग्रो आणि अल्बानिया. क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिकहून बसने माँटेनेग्रोतल्या कोटोरला गेलात की शेंगेनची मोजणी थांबते. (उन्हाळ्यात सीमेवर रांग लागते, पोरांसाठी खाऊ-पाणी हाताशी ठेवा.) वैध शेंगेन व्हिसा असला की भारतीय पासपोर्टवर सहसा तिथे वेगळा व्हिसा लागत नाही, तरी निघण्यापूर्वी ताजे नियम बघाच.

मात्र त्याआधी प्रत्येकाच्या, अगदी धाकट्याच्याही, व्हिसा स्टिकरवर दोन रकाने वाचा. प्रवेशांच्या रकान्यात '०१' असेल तर बाहेर पडल्यावर त्या व्हिसावर परत शिरता येणार नाही, 'मल्ट' (अनेक प्रवेश) असंच हवं. आणि व्हिसाची मुदत सहा महिन्यांची दिसली तरी मुक्कामाचे दिवस ३०च दिलेले असू शकतात.