फिश शेलमध्ये पाथ आखूड दिसतो तेव्हा

कामाचे फोल्डर तालुक्यांच्या नावाने, तेही रोमन लिपीत. फोंडा आणि पेडणे दोन्ही 'पी'ने सुरू होतात. फिश या शेलच्या (टर्मिनलमध्ये आदेश घेणाऱ्या प्रोग्रामच्या) प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे आदेशाच्या ओळीच्या सुरुवातीला, 'सर्वे/फोंडा/२०२३' आणि 'सर्वे/पेडणे/२०२३' दोन्ही 'एस/पी/२०२३' असेच दिसतात. अशा वेळी 'आरएम' हा फाइली पुसणारा आदेश चालवणे म्हणजे जुगारच.

फोल्डरचे नाव बदललेले नसते, फक्त दिसणे आखडते. 'पीडब्ल्यूडी' टाइप केले की पूर्ण पाथ येतो. फिश शेवटचा फोल्डर पूर्ण दाखवतो, आधीच्यांचे एकेकच अक्षर. हे ठरवणारा व्हेरिएबल म्हणजे 'फिश_प्रॉम्प्ट_पीडब्ल्यूडी_डिर_लेंग्थ', मूळ किंमत १. 'सेट' आदेशाला मोठ्या 'यू'चा पर्याय (युनिव्हर्सल, म्हणजे सगळ्या टर्मिनलमध्ये टिकणारी किंमत) लावून ती ० करा, आखडणे बंद होते. पाथ लांबलचक असतील तर ० नको, 'फिश_प्रॉम्प्ट_पीडब्ल्यूडी_फुल_डिर्स' २ करा. मग 'एस/फोंडा/२०२३' दिसेल, जे मला जास्त सोयीचे वाटते.

बदल लागू झाला नाही तर बहुधा कॉन्फिग फाइलमध्ये तोच व्हेरिएबल छोट्या 'जी'ने ग्लोबल (फक्त त्या टर्मिनलपुरता) सेट केलेला असतो. ग्लोबल किंमत युनिव्हर्सलवर मात करते. 'सेट'ला मोठा 'एस' लावून नाव दिले की दोन्ही दिसतात; कॉन्फिगमधली ती ओळ काढा आणि नवीन टर्मिनल उघडा.

स्टारशिप हा प्रॉम्प्ट बनवणारा वेगळा प्रोग्राम वापरत असाल तर वरचे व्हेरिएबल लागू पडत नाहीत. तिथे त्याच्या कॉन्फिग फाइलच्या डायरेक्टरी विभागात 'ट्रंकेशन_लेंग्थ' मुळात ३ असते, ती ० करा. गिट रिपॉझिटरीत (बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या फोल्डरमध्ये) पाथ तिच्या मुळापासूनच दिसतो, ते नको असेल तर 'ट्रंकेट_टू_रेपो' फॉल्स करा.

बॅश या दुसऱ्या शेलमध्ये मात्र पाथ आखडणारा 'प्रॉम्प्ट_डिरट्रिम' हा व्हेरिएबल तपासा.