आरएक्स १०० पुन्हा उभी करताना या चुका टाळा

यामाहा आरएक्स १०० ही मोटारसायकल भारतात १९८५ ते १९९६ या काळात तयार झाली. अशी जुनी गाडी घेऊन इंजिन बांधले, बोअर मारून (म्हणजे सिलिंडर आतून घासून रुंद करून) नवा पिस्टन घातला आणि थोड्याच दिवसांत ती पुन्हा सीझ झाली, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये अडकून इंजिन जाम झाले, ही तक्रार ठाण्यातल्या गॅरेजांत नेहमीची आहे. दोष बहुधा पिस्टनवर किंवा लेथवाल्यावर जातो. माझ्या १९९२च्या गाडीबाबत मीही तेच केले होते. घोडबंदर रस्त्याला गायमुखच्या चढावर मागचे चाक एकाएकी धरले गेले आणि क्लच वेळेवर दाबला म्हणूनच मी पडलो नाही. इंजिन उघडले तेव्हा पिस्टनचे ॲल्युमिनियम सिलिंडरच्या भिंतीवर राखाडी पट्ट्यांसारखे चिकटलेले होते. मी वाढीव मापाचा पिस्टन बसवला, आणि महिन्याभरात तोच प्रकार पुन्हा घडला.

चूक ही होती की जळलेला भाग बदलला, पण तो का जळला हे शोधलेच नाही. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आणि हवेचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे सिलिंडरखालच्या क्रँकच्या पेटीत येते, त्यामुळे क्रँककेस हवाबंद असणे हे पिस्टन-रिंगइतकेच महत्त्वाचे असते. डावीकडे मॅग्नेटोमागे (वीज तयार करणाऱ्या भागामागे) असलेले क्रँकचे ऑइल सील कडक झाले की तिथून बाहेरची हवा आत खेचली जाते, मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण घटते, ज्वलनाचे तापमान वाढते आणि पिस्टन फुगून अडकतो. माझ्या गाडीचे सील नखाने दाबून पाहिले तर ते प्लास्टिकसारखे कडक झाले होते आणि त्याच्या कडेला बारीक चीर होती. उजवीकडचे, म्हणजे क्लचच्या बाजूचे सील गेले तर लक्षण उलटे दिसते: गिअर ऑइल आत खेचले जाऊन जळते, पांढरा धूर थांबत नाही आणि गिअर ऑइलची पातळी घटत राहते. पुष्कळ मिस्त्री हा धूर टू-टी ऑइल (पेट्रोलबरोबर जळणारे इंजिनाचे वंगण) जास्त झाल्याचा समजून ऑइल पंप कमी करतात, आणि मग इंजिन खरोखरच कोरडे पडते.

क्रँककेस उघडलेलीच असेल तर दोन्ही सील बदलावीत, ती चांगली दिसत असली तरीही. बांधणी झाल्यावर इनटेक आणि एक्झॉस्टची तोंडे बंद करून हातपंपाने सुमारे ६ पीएसआय (दर चौरस इंचाला ६ पौंड) दाब भरावा आणि तो काही मिनिटे टिकतो का ते पाहावे. दाब उतरत असेल तर सील, सिलिंडरखालचे गॅस्केट, रीड ब्लॉक (मिश्रण आत घेणाऱ्या झडपेचा भाग) आणि कार्बोरेटरचा रबरी जोड यांवर साबणाचे पाणी लावले की बुडबुडे जागा दाखवतात.

दुसरी चूक टू-टी ऑइल इंजिनात सोडणाऱ्या ऑइल पंपाची. नळी एकदा सुटली की तिच्यात हवा शिरते, आणि पंपाचा ब्लीड स्क्रू (हवा बाहेर काढण्याचा स्क्रू) उघडून ती काढली नाही तर तेलाची टाकी भरलेली असूनही इंजिनापर्यंत तेल पोहोचत नाही. हवा पूर्ण निघाल्याची खात्री होईपर्यंत, निदान पहिल्या टाकीला, मी दर लिटर पेट्रोलमध्ये ३० मिलिलिटर टू-टी ऑइल वेगळे मिसळतो. पंप कायमचा काढून टाकण्याचा सल्ला सर्रास मिळतो; तो मला पटत नाही, कारण मग प्रत्येक वेळी तेल मोजून टाकण्याची शिस्त मालकालाच पाळावी लागते.

बोअर मारताना आधी पिस्टन विकत घ्यावा आणि तोच वागळे इस्टेटमधल्या लेथवाल्याच्या हातात द्यावा. वाढीव पिस्टन ०.२५ मिलिमीटरच्या टप्प्यांनी येतात, पण डब्यावरच्या मापावर विसंबून बोअर मारू नये, हातातला पिस्टन मोजूनच मारावा. बोअरनंतर पोर्टच्या, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्यांच्या, धारदार कडा हलक्या हाताने घासून बोथट करून घ्याव्यात, नाहीतर रिंग तिथे अडकून तुटते. रिंगची टोके पिस्टनवरच्या पिनांवर नीट बसली आहेत आणि पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे आहे, हे सिलिंडर पिस्टनवर बसवण्यापूर्वी बोट लावून तपासावे.

साध्या फिलिप्स स्क्रूड्रायव्हरने जपानी मापाचे स्क्रू उघडू नयेत, खाचा झिजतात. जेआयएस (जपानी मानकाचे) टोक आणि हातोडीच्या ठोक्याने फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरावा. खाडीच्या दमट हवेत टाकी आतून गंजतेच, आणि आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असल्याने जुने रबरी पाइप व पेट्रोल कॉकची वॉशर लवकर खराब होतात, म्हणून ती इथेनॉल सोसणाऱ्या रबराची घ्यावीत.

चॅसिस सँडब्लास्टिंगला, म्हणजे वाळूच्या माऱ्याने गंज व रंग काढायला देताना चॅसिस नंबरवर जाड टेप लावून द्यावी. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करताना आरटीओत हा नंबर तपासला जातो, आणि विंटेज नोंदणीचा आधार मिळत नाही, कारण त्यासाठी गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी असावी लागते. १९८५ची आरएक्ससुद्धा २०३५पूर्वी त्यात बसत नाही.