जुन्या गाडीला इथेनॉलचे पेट्रोल पचवायचे कसे

इंजिन थंड असताना बॉनेट उघडा आणि पेट्रोलचा रबरी पाइप दोन बोटांत धरून दाबा. चांगला पाइप सोडल्यासोडल्या पूर्ववत होतो. लिबलिबीत लागला, फुगलेला दिसला, वाकवल्यावर भेगा उघडल्या किंवा बोटाला काळे लागले, तर पाइप बदलेपर्यंत गाडी काढूच नका. इथेनॉलने मायलेज किती पडते यावर आमच्या इंदूरच्या लोकमान्यनगरात रोज संध्याकाळी वाद झडतात. ते झडोत, पण तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकू लागले तर वादाला वेळ उरत नाही.

पंपावर आता मिळते ते २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल. १० टक्क्यांचा टप्पा २०२२ मध्ये गाठला गेला, २० टक्क्यांची विक्री फेब्रुवारी २०२३ पासून सुरू झाली. एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांचे रबर आणि धातू त्या हिशोबानेच निवडलेले असतात. पुढचे सगळे त्याआधीच्या गाड्यांसाठी, त्यातही पंधरा-वीस वर्षे सेवा केलेल्यांसाठी. गाडीची पुस्तिका सापडली तर ती किती टक्क्यांपर्यंत चालते ते आधी वाचा.

कामाचा क्रम मी असा ठेवतो: आधी रबर, मग फिल्टर, शेवटी ट्यूनिंग. बहुतेक जण उलटीकडून सुरू करतात आणि वर पेट्रोलमध्ये मिसळायच्या औषधांच्या शंभर-दोनशे रुपयांच्या बाटल्या टाकीत ओततात. बाटलीने गळका पाइप सांधत नाही. ते पैसे पाइपात घाला.

पाइप घेताना नुसते ‘पेट्रोलचा पाइप द्या’ म्हणू नका. जुने साधे रबर आणि कॉर्कचे गॅस्केट इथेनॉलने फुगतात किंवा कडक होऊन तडकतात. फ्लोरोइलास्टोमरचे, म्हणजे दुकानदार ‘व्हायटन’ म्हणतात ते, टिकते. होजवर एसएई जे३० आर९ असे छापलेले असेल तर आतले अस्तर याच जातीचे असते. मात्र आर९ टाकीच्या आत बुडवून ठेवायला चालत नाही, बाहेरून पेट्रोल लागले की त्याचे वरचे रबर खराब होते. टाकीतल्या तुकड्यासाठी आर१० मागा. क्लिपाही नव्या घ्या. एसी पंपाचा, म्हणजे टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या इंजिनावरच्या यांत्रिक पंपाचा, डायाफ्रॅम, कार्ब्युरेटरची नीडल, ओ-रिंगा आणि गॅस्केट यांचा संच त्याच वेळी बदला. एकदा उघडलेला कार्ब्युरेटर जुन्या गॅस्केटवर बंद करणे म्हणजे पुन्हा उघडण्याचे आमंत्रणच.

काम मोकळ्या हवेत करा, बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, जवळ अग्निशामक ठेवा. इंजेक्शनच्या गाडीत पाइपात सुमारे ३ बार दाब असतो. तिथे तार काढण्यापूर्वी फ्युएल पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे पाइप सोडताना डोळ्यांत फवारा येणार नाही. हात बसलेला नसेल तर इतके काम मेकॅनिककडूनच करून घ्या, फक्त शेजारी उभे राहा.

आता फिल्टर. इथेनॉल जुन्या टाकीतला वर्षानुवर्षांचा चिकट थर सोडवते आणि तो सगळा फिल्टरमध्ये येऊन बसतो. म्हणून नवे पाइप घातल्यावर दोन-तीन टाक्या चालवा आणि मगच फिल्टर बदला. आधीच बदललात तर महिन्याभरात दुसरा आणावा लागेल. जुना फिल्टर पांढऱ्या कागदावर उलटा करा. तांबूस भुकटी पडली तर टाकीला आतून गंज लागला आहे, ती उतरवून साफ करावी लागेल.

ट्यूनिंगची गोष्ट कार्ब्युरेटरवाल्यांना जास्त लागू. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट, २० टक्क्यांच्या मिश्रणाला साधारण साडेतेरा. कार्ब्युरेटरला हे कळत नाही, तो जुन्याच मापाने पेट्रोल सोडतो आणि मिश्रण पातळ होते. इंजिन अडखळते, जास्त तापते. पंधरा-वीस किलोमीटर सलग चालवून प्लग काढून पाहा. टोक फिकट तपकिरी असेल तर जेटला, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तोटीला, हात लावू नका. पांढरेफटक असेल तर मेन जेट एक पायरी मोठा घ्या, १०० असेल तर १०२.५, आणि पुन्हा प्लग पाहा. एकदम मोठी उडी नको. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर ही दुरुस्ती स्वतःच करतो. स्कॅनर लावून लाँग टर्म ट्रिम, म्हणजे गाडी पेट्रोल किती टक्के कमी-जास्त सोडते आहे तो आकडा, बघा. शून्यापासून १० टक्क्यांच्या आत असेल तर ठीक.

मेमधला त्रास वेगळा. ओंकारेश्वरहून परतताना भेरूघाटात आमची १९९७ सालची गाडी चढावर मेली. पाइप नवे, फिल्टर नवा, तरी मेली. मेकॅनिक फोनवर हसला, “भिया, पेट्रोल उबल गया. आधा घंटा छाँव में बैठो.” इथेनॉल ७८ अंशांना उकळते. पेट्रोलमध्ये मिसळले की वाफ आणखी सहज होते, आणि एसी पंप तर इंजिनाला चिकटूनच. वाफ अडकली की पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. घरी आल्यावर पाइप सायलेन्सरच्या नळापासून चार बोटे लांब वळवला आणि त्यावर उष्णतारोधक नळी चढवली. त्यानंतर घाटात थांबावे लागलेले नाही.

पावसाळ्यात गाडी दोन-तीन आठवडे उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा. रिकाम्या जागेतल्या दमट हवेतले पाणी इथेनॉल ओढून घेते, आणि प्रमाणाबाहेर गेले की पाणी-इथेनॉलचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो, नेमका जिथून पेट्रोल उचलले जाते तिथे. झाकणाचे वॉशर तडकले असेल तर तेही बदला. एरवी आठवड्यातून एकदा सुपर कॉरिडॉरपर्यंत फेरी मारून आणा.

राहिले मायलेज. लिटरमागे इथेनॉलची उष्णता पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांश कमी, त्यामुळे जुन्या गाडीत ६-७ टक्के घट होणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही हाच आकडा आहे. १६ देणारी गाडी १५ वर आली तर मेकॅनिकला बोल लावू नका. १२ वर आली तर इथेनॉलला लावू नका: चोक अडकला आहे का, ब्रेक घासतो आहे का, टायरमध्ये हवा किती, ते बघा.