रोटरी इंजिनाला टर्बो जोडून विमानात बसवताना

माझदाच्या १३बी इंजिनात दोन रोटर (फिरणारे त्रिकोणी भाग) असतात आणि पिस्टन किंवा व्हॉल्व्ह नसतात, त्यामुळे घरी विमान बांधणाऱ्यांना ते आकर्षित करते. परंतु टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात हवा दाबून भरणारे यंत्र) जोडताना जादा शक्ती मिळवण्याऐवजी उंचीवर गमावलेला हवेचा दाब भरून काढणे हेच उद्दिष्ट ठेवावे. इनटेक मॅनिफोल्डमधील (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतील) दाब समुद्रसपाटीच्या, म्हणजे पाऱ्याच्या सुमारे ३० इंचांच्या वर जाणार नाही, अशा रीतीने वेस्टगेट (जादा एक्झॉस्ट टर्बोला वळसा देऊन सोडणारी झडप) बसवावा.

याचे कारण नॉकिंग, म्हणजे जादा दाबाने इंधन-हवेचे मिश्रण स्फोटासारखे अनियंत्रित जळणे. रोटरच्या टोकावरील एपेक्स सील ही जेमतेम २ मिलिमीटर जाडीची पट्टी असते. जोरदार नॉकिंगने तिचा कोपरा तुटला, की तो तुकडा एक्झॉस्टमधून थेट टर्बाइनच्या पात्यांवर आदळतो.

छत्रपती संभाजीनगरसारखे ठिकाण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच आहे आणि मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून तिथे इंटरकूलर (टर्बोने दाबलेली हवा थंड करणारा), रेडिएटर व ऑइल कूलर यांची चाचणी भर दुपारी, विमान जमिनीला घट्ट बांधून आणि इंजिन पूर्ण शक्तीवर चालवून घ्यावी. ऑइल कूलर मोठाच घ्यावा, कारण रोटर आतून तेलानेच थंड होतात. माझ्या मते सर्वाधिक दुर्लक्ष इथेच होते.

एक्झॉस्टचे तापमान ९०० अंश सेल्सिअस किंवा त्याहूनही वर चढते, त्यामुळे टर्बो एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (एक्झॉस्ट बाहेर नेणाऱ्या नळीवर) लोंबकळत न ठेवता त्याला स्वतंत्र आधार द्यावा. २.८५ प्रमाणाचा रिडक्शन गिअर लावल्यास इंजिनाच्या मिनिटाला ६००० फेऱ्यांना प्रोपेलर सुमारे २१०० फेरे घेतो. इंधनपंप मात्र दोन असायलाच हवेत.